देवाला सगळं आधीच माहीत असेल, तर प्रार्थना कशासाठी?

२७ ऑगस्ट २०२५. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात एका कॅथलिक चर्चमध्ये शाळकरी मुलांची सकाळची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, सुरू होती. तेवढ्यात बाहेरून खिडक्यांमधून गोळीबार झाला. ८ आणि १० वर्षांची दोन मुलं मारली गेली. अनेक जण जखमी झाले.

अमेरिकेत असा गोळीबार झाला की नेते 'आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत' असं लिहितात. या वेळी मात्र शहराचे महापौर जेकब फ्रे यांनी सुनावलं की, नुसतं प्रार्थनेबद्दल बोलू नका, ही मुलं त्या क्षणी प्रार्थनाच करत होती. उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी एक्सवर टीकाकारांना उत्तर दिलं. मन मोडलंय म्हणून आणि देव ऐकतो म्हणून लोक प्रार्थना करतात, त्यातून कृतीची प्रेरणाही मिळते, असा त्यांचा सूर होता.

या वादाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव सर्वज्ञ आहे, सर्वशक्तिमान आहे आणि पूर्णपणे चांगला आहे. मग त्याच्याकडे काही मागण्यात अर्थ काय? आपण मागितल्यामुळे तो काही वेगळं करतो का? आणि करत नसेल, तर मागायचं कशाला?

हा प्रश्न नास्तिकांनी सोशल मीडियावर काढलाय असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ख्रिस्ती विचारवंत तो स्वतःलाच जवळपास १८०० वर्षं विचारत आले आहेत. त्यांची उत्तरं काय आहेत आणि ती कुठे अडतात, ते समजून घेऊ.

पेच नेमका काय आहे?

ख्रिस्ती परंपरेत प्रार्थनेचे अनेक प्रकार आहेत. स्तुती, आभार, पापांची कबुली, नुसतं देवासमोर शांत बसणं. यांच्याबाबत फारसा पेच नाही. आभार मानण्यासाठी देवाचं मन बदलण्याची गरज नसते. अडचण येते ती विनंतीच्या प्रार्थनेत. 'आईला बरं कर', 'नोकरी मिळू दे', 'युद्ध थांबू दे' अशा मागण्यांत.

ख्रिस्ती धर्मशास्त्रातल्या तीन गोष्टी इथे एकमेकींत अडकतात:

- देवाला सगळं माहीत आहे. म्हणजे आपली गरज त्याला आपण सांगण्याआधीच ठाऊक आहे.
- देव पूर्णपणे चांगला आहे. म्हणजे जे योग्य आहे ते तो करणारच.
- देव बदलत नाही. जो परिपूर्ण आहे त्याने बदलायचं म्हणजे कमी व्हायचं, असा यामागचा जुना तर्क आहे.

आता समजा एखादी बाई मुलाच्या आजारपणात प्रार्थना करतेय. मूल बरं होणं योग्य असेल, तर चांगला देव तिने न मागताही ते करेल. योग्य नसेल, तर तिने कितीही मागितलं तरी तो करणार नाही. दोन्ही बाजूंनी तिच्या मागण्याने काही फरक पडताना दिसत नाही.

बायबल काय सांगतं?

गंमत म्हणजे बायबलमध्ये या वादाच्या दोन्ही बाजू सापडतात.

मत्तयच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की, तुम्ही मागण्याआधीच तुमच्या स्वर्गीय पित्याला तुमची गरज माहीत असते. पण हे सांगून तो थांबत नाही. लगेच पुढे तो त्यांना 'प्रभूची प्रार्थना' शिकवतो आणि त्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहे. देवाला माहीत आहे आणि तरीही मागा, अशी ही दुहेरी शिकवण आहे.

जुन्या करारातही तेच. मलाखीच्या पुस्तकात देव स्वतः आपण बदलत नसल्याचं सांगतो. पण निर्गमच्या ३२व्या अध्यायात इस्राएली लोक सोन्याचं वासरू करून पूजतात, देव त्यांचा नाश करायला निघतो, मोशे विनवणी करतो आणि देव आपला विचार सोडून देतो. राजा हिज्कीया मरणपंथाला लागलेला असताना रडून प्रार्थना करतो आणि त्याला आणखी १५ वर्षांचं आयुष्य मिळतं.

नव्या करारात उलट उदाहरणंही आहेत. पौल आपल्या शरीरातला 'काटा' दूर व्हावा म्हणून तीनदा प्रार्थना करतो, पण तो काटा जात नाही. आणि क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशू हे दुःख टळावं अशी विनंती करतो. ती विनंती मान्य होत नाही.

थोडक्यात, बायबलमध्ये प्रार्थनेला फळ मिळतं आणि मिळतही नाही. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं, हे काम पुढच्या पिढ्यांवर आलं.

पहिलं उत्तर: तुमची प्रार्थनाही योजनेत धरलेली आहे

तिसऱ्या शतकात ऑरिजेन नावाचा ख्रिस्ती विद्वान होऊन गेला. मूळचा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. साधारण इसवी सन २३३ ते २३५ या काळात त्याने प्रार्थनेवर एक ग्रंथ लिहिला. त्याचा मित्र आणि आश्रयदाता अम्ब्रोस याच्यापर्यंत हाच आक्षेप पोहोचला होता: देवाला भविष्य माहीत आहे आणि सगळं त्याच्या इच्छेने होतं, तर प्रार्थना वायफळ आहे. उद्या सूर्य उगवावा म्हणून कुणी आज प्रार्थना केली, तर आपण त्याला वेड्यातच काढू.

ऑरिजेनचं उत्तर असं होतं की, माणसाला स्वतंत्र इच्छा आहे. कोण कधी, किती मनापासून प्रार्थना करेल, हेही देवाला आधीपासून माहीत आहे आणि जगाची व्यवस्था लावताना त्याने ते धरलेलं आहे. म्हणजे देवाला आधी माहीत असल्यामुळे प्रार्थना निरर्थक ठरत नाही. तीही त्या माहितीचाच भाग आहे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने हे उत्तर आणखी घट्ट केलं. 'सुम्मा थिऑलॉजिए' या त्याच्या प्रचंड ग्रंथात प्रार्थनेवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचं म्हणणं: आपण देवाचं मन बदलण्यासाठी प्रार्थना करत नाही. काही गोष्टी प्रार्थनेतून मिळाव्यात असं देवाने ठरवलेलं असतं, त्या मिळवण्यासाठी करतो.

हे पेरणीच्या उदाहरणाने समजेल. पीक येणार हे देवाला माहीत आहे, म्हणून शेतकरी पेरणी सोडून देत नाही. पीक येणार आहे ते पेरणीतूनच. अक्वायनसच्या मते प्रार्थनाही तशीच एक खरी 'कारण' असलेली कृती आहे. औषध जसं देवाच्या योजनेत बसतं, तशी प्रार्थनाही बसते.

यात काळाचा मुद्दाही येतो. सहाव्या शतकात बोएथियस या रोमन विचारवंताने तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत असताना लिहिलेल्या पुस्तकात मांडलं की, देव काळाच्या आत नाही. उंच डोंगरावरून खालचा सगळा रस्ता एकाच नजरेत दिसावा, तसा त्याला काल, आज आणि उद्या एकदम दिसतो. असं असेल, तर 'आधी ठरवलं, मग प्रार्थना आली' हा क्रम आपल्यापुरता आहे, देवासाठी नाही.

आक्षेप अर्थातच उरतो. प्रार्थना करण्याचंही आधीच माहीत असेल, तर ती खरंच आपली राहते का? ख्रिस्ती धर्मशास्त्रात माणसाचं स्वातंत्र्य आणि देवाचं ज्ञान यांचा हा वाद अजून मिटलेला नाही.

दुसरं उत्तर: प्रार्थना देवाला नाही, माणसाला बदलते

इसवी सन ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं. तिथून उत्तर आफ्रिकेत पळून आलेल्यांमध्ये प्रोबा नावाची एक श्रीमंत विधवा होती. प्रार्थना कशी करावी, असं तिने संत ऑगस्टीनला विचारलं. साधारण ४१२ मध्ये त्याने तिला लिहिलेलं लांबलचक पत्र आजही वाचलं जातं.

ऑगस्टीन म्हणतो की, देवाला आपली गरज कळवायला प्रार्थना नसते, त्याला ती माहीतच असते. मागण्याने आपली ओढ वाढते आणि जे तो देणार आहे ते घेण्याइतकं आपलं मन मोठं होतं. भांडं लहान असेल तर कितीही ओतलं तरी बाहेरच सांडणार, असं काहीसं.

हे उत्तर आज सगळ्यात लोकप्रिय आहे, कारण ते श्रद्धा नसलेल्यांनाही पटतं. प्रार्थनेमुळे मन शांत होतं, राग निवळतो, दुसऱ्याचा विचार होतो, असं कुणीही म्हणू शकतं.

पण त्यात एक अडचण आहे. आयसीयूबाहेर बसून प्रार्थना करणाऱ्या माणसाला स्वतःचं मन मोठं करायचं नसतं. आतला माणूस वाचायला हवा असतो. प्रार्थनेचा परिणाम फक्त करणाऱ्यावरच होतो असं म्हटलं, तर ती ध्यानाच्या जवळ जाते. मग 'मागणं' हा शब्दच पोकळ होतो. म्हणून बहुतेक ख्रिस्ती पंथ हे उत्तर स्वीकारतात, पण एवढ्यावर थांबत नाहीत.

तिसरं उत्तर: मागण्यामुळे नातं टिकतं

१९७९ मध्ये एलिओनोर स्टम्प या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी विनंतीच्या प्रार्थनेवर एक निबंध लिहिला. तत्त्वज्ञानाच्या वर्गांत तो आजही शिकवला जातो.

त्यांचा मुद्दा मैत्रीचा आहे. एक जण सर्वशक्तिमान आणि दुसरा अगदी सामान्य, अशी दोस्ती असेल तर दोन धोके असतात. सामान्य माणूस लाडावून बिघडू शकतो किंवा समोरच्याच्या ताकदीखाली दबून स्वतःचं अस्तित्व घालवू शकतो. न मागता सगळं हातात पडायला लागलं, तर ही मैत्री राहणार नाही. मागावं लागतं म्हणून माणसाला आपली गरज ओळखावी लागते आणि मदत घ्यायची की नाही हे त्याच्या हातात राहतं. त्यामुळे चांगला देवही काही गोष्टींसाठी विचारण्याची वाट पाहू शकतो.

पण दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेचं काय? शेजारच्या आजारी मुलासाठी कुणी प्रार्थना केली नाही, म्हणून चांगला देव त्याला बरं करणार नाही का? तसं असेल तर ज्यांच्यासाठी मागणारं कुणीच नाही, त्यांच्यावर हा अन्याय ठरेल. स्टम्प यांच्या उत्तरावर झालेली बरीचशी टीका याच जागेवर आहे.

चौथं उत्तर: भविष्य देवासाठीही खुलं आहे

१९९४ मध्ये क्लार्क पिनॉक, जॉन सँडर्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी मिळून लिहिलेल्या एका पुस्तकाने अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल वर्तुळात खळबळ उडवली. त्यांनी पेचातली एक अटच काढून टाकली. माणूस स्वतंत्र आहे, त्यामुळे त्याचे पुढचे निर्णय अजून अस्तित्वातच नाहीत. जे अस्तित्वात नाही ते माहीत नसणं हा देवाचा कमीपणा नाही. देव माणसांचं ऐकून खरोखर आपला मार्ग बदलतो, मोशेच्या गोष्टीत बदलला तसा.

प्रार्थनेपुरतं पाहिलं तर हे सगळ्यात सरळ उत्तर आहे. पण किंमत मोठी आहे. उद्या काय होणार हे देवालाही नक्की माहीत नसेल, तर त्याच्यावर भरवसा कसा टाकायचा? २००३ मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल धर्मशास्त्रज्ञांच्या संघटनेत पिनॉक आणि सँडर्स यांना काढून टाकायचं का यावर मतदान झालं. हकालपट्टीसाठी लागणारी दोन तृतीयांश मतं न मिळाल्यामुळे दोघांचं सदस्यत्व टिकलं.

प्रार्थनेचा परिणाम मोजता येतो का?

डिसेंबर १८७१ मध्ये इंग्लंडचा युवराज टायफॉइडने मरणाच्या दारात होता. देशभर प्रार्थना झाल्या आणि तो बरा झाला. पुढच्या वर्षी काही विज्ञानवाद्यांनी आव्हान दिलं की, एका रुग्णालयातल्या एका वॉर्डसाठी काही वर्षं प्रार्थना करा आणि इतर रुग्णांशी तुलना करून दाखवा.

त्याच वर्षी, १८७२ मध्ये, फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने आकडेवारीवर आधारित लेख छापला. इंग्लंडच्या चर्चमध्ये राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी नियमित प्रार्थना होते, मग ते जास्त जगतात का? गाल्टनच्या तक्त्यात राजघराण्यातल्या पुरुषांचं सरासरी वय ६४ च्या आसपास निघालं, सुखवस्तू वर्गांत सगळ्यात कमी. विमा कंपन्या हप्ता ठरवताना माणूस धार्मिक आहे का हे विचारत नाहीत, असंही त्याने दाखवून दिलं. प्रार्थनेने मनाला बळ मिळतं, हे मात्र त्याने नाकारलं नाही.

आधुनिक काळातला सगळ्यात मोठा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांचे तीन गट केले होते.

- पहिल्या गटासाठी प्रार्थना झाली, पण रुग्णांना नक्की माहीत नव्हतं. गुंतागुंत ५२ टक्के रुग्णांत.
- दुसऱ्या गटासाठी झाली नाही, त्यांनाही माहीत नव्हतं. गुंतागुंत ५१ टक्के.
- तिसऱ्या गटासाठी झाली आणि त्यांना तसं सांगितलं होतं. गुंतागुंत ५९ टक्के.

म्हणजे प्रार्थनेने फरक पडला नाही आणि आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे कळलेल्यांना थोडा जास्तच त्रास झाला. 'माझी तब्येत इतकी वाईट आहे का?' या ताणामुळे असं झालं असावं, असा एक अंदाज मांडला गेला.

यावरून काय सिद्ध होतं? प्रार्थना हे गोळीसारखं हमखास चालणारं साधन आहे, असा दावा कुणी करत असेल, तर तो या प्रयोगात टिकला नाही. पण दुसऱ्या गटासाठी त्यांच्या घरच्यांनी प्रार्थना केलीच नसेल, याची खात्री कशी देणार? शिवाय बहुतेक ख्रिस्ती विचारवंतांचं म्हणणं असं की, विनंती मान्य करायची की नाही हे ज्याच्या हातात आहे, त्याच्यावर प्रयोगशाळेतला नियम लागू होत नाही. हा बचाव तर्काला धरून आहे, पण त्याची दुसरी बाजूही आहे. जे मोजून खोटं ठरवता येत नाही, ते मोजून खरंही ठरवता येत नाही.

'माझीच प्रार्थना का ऐकली नाही?'

तर्काचा पेच सुटला तरी हा प्रश्न सुटत नाही. बहुतेकांसाठी खरा प्रश्न हाच असतो.

'नार्निया'च्या गोष्टी लिहिणारे सी. एस. लुईस हे विसाव्या शतकातले सगळ्यात जास्त वाचले गेलेले ख्रिस्ती लेखक. १९०८ मध्ये त्यांची आई कॅन्सरने गेली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. तिच्यासाठी त्यांनी प्रार्थना केली होती. १९५७ मध्ये त्यांनी जॉय डेव्हिडमन यांच्याशी रुग्णालयाच्या खाटेजवळ धार्मिक विवाह केला. जॉय यांना हाडांपर्यंत पसरलेला कॅन्सर होता. धर्मगुरूंनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि डॉक्टरांची आशा संपलेली असताना जॉय पुन्हा चालू-फिरू लागल्या.

१९५९ मध्ये प्रार्थनेच्या परिणामावर लिहिताना लुईस यांनी या अनुभवाचा उल्लेख केला, पण तो पुरावा म्हणून पुढे केला नाही. प्रार्थना ही विनंती आहे, विनंती नाकारली जाऊ शकते आणि गेथशेमानेत येशूचीही नाकारली गेली, असं ते लिहितात. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, कॅन्सर उलटला आणि जॉय गेल्या. त्यानंतर लुईस यांनी टोपणनावाने छापलेल्या शोकवहीत देवाने तोंडावर दार बंद केल्याची भावना उघडपणे नोंदवली आहे. तरीही त्यांनी प्रार्थना सोडली नाही. त्यांचं शेवटचं पुस्तकही प्रार्थनेवरच होतं. ते १९६४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं.

नवस आणि प्रार्थना यांत फरक आहे का?

मुंबईत वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला दर सप्टेंबरमध्ये गर्दी उसळते. बाहेरच्या स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळ, घर मिळतं. ज्याची जी गरज, तो आकार माउलीसमोर ठेवायचा. यात ख्रिस्ती असतात, तसे हिंदू आणि इतर धर्मांचेही लोक असतात. नवसाची सवय असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं वाटत नाही.

धर्मशास्त्र मात्र इथे रेघ ओढतं. 'तू हे दे, मी ते देईन' हा व्यवहार झाला. ख्रिस्ती प्रार्थनेच्या मुळाशी 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही अट मानली जाते. प्रत्यक्षात लोक दोन्ही एकत्रच करतात. मेणाचं बाळ घेऊन उभ्या असलेल्या बाईला ही रेघ कदाचित दिसतही नसेल.

प्रार्थना कधी धोकादायक ठरते?

वरची सगळी उत्तरं पुस्तकी वाटू शकतात. पण चुकीचं उत्तर जिवावर बेततं.

अमेरिकेत काही छोटे पंथ औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं मानतात. १९९८ मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९७५ ते १९९५ या काळात धार्मिक कारणाने उपचार न मिळाल्यामुळे मेलेल्या १७२ मुलांची प्रकरणं तपासली होती. त्यातल्या १४० मुलांना असे आजार होते, ज्यांत उपचार मिळाले असते तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त होती. अशा मृत्यूंनंतर ओरेगन राज्याने २०११ मध्ये कायदा बदलून पालकांना मिळणारी श्रद्धेची कायदेशीर ढाल काढून घेतली.

दुसरा धोका शब्दांचा आहे. 'तुझी श्रद्धा कमी पडली म्हणून तो वाचला नाही' हे वाक्य दुःखात असलेल्या माणसाला आयुष्यभर टोचतं. वर पाहिलेल्या उत्तरांपैकी एकातही याला आधार नाही. नाहीतर पौलाची आणि येशूची श्रद्धाही कमी पडली, असं म्हणावं लागेल.

मग प्रार्थनेला अर्थ आहे का?

ख्रिस्ती श्रद्धेच्या आत राहून पाहिलं, तर 'देवाला माहीत आहे म्हणून मागणं व्यर्थ' हा आक्षेप वाटतो तितका निर्णायक नाही. चार वेगवेगळी उत्तरं आहेत, प्रत्येकाला काही किंमत मोजावी लागते, पण त्यांत उघड विसंगती नाही. देव आहे की नाही, हा प्रश्न यातलं कुठलंच उत्तर सोडवत नाही. ती उत्तरं देव मानणाऱ्यांसाठी आहेत.

न टिकणारी गोष्ट वेगळी आहे. पुरेशा जोराने मागितलं की मिळतंच, ही समजूत बायबलच्या गोष्टींत टिकत नाही आणि प्रयोगांतही टिकत नाही.

आणि 'प्रार्थना तुमच्यासोबत आहेत' असं लिहून पुढे स्क्रोल करण्याचं काय? त्यावरही नव्या करारात उत्तर आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय विचारतो की, कपडे नसलेल्या, उपाशी माणसाला तुम्ही नुसत्याच शुभेच्छा देऊन पाठवलंत आणि अन्न-वस्त्र दिलं नाहीत, तर त्याचा काय उपयोग? त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायलाही सांगितलं आहे. पत्र लिहिणाऱ्याला ही दोन्ही कामं एकाच माणसाकडून हवी होती.